हेडलाइटचा उजेड वाढवायचाय? आधी आहे तो कुठे जातो ते बघा

नाशिकजवळचं दिंडोरी सोडून वणीच्या दिशेला लागलं की रस्त्याकडेचे दिवे संपतात आणि पुढचा सगळा भरवसा गाडीच्या दोन दिव्यांवर उरतो. द्राक्षाच्या हंगामात मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली, तोडणीच्या दिवसांत निम्म्या रस्त्यावर आलेला उसाचा ट्रॅक्टर, चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडाकडे रात्रीचेच चालत निघालेले लोक. पौषवारीला सिन्नरकडून त्र्यंबकला जाणाऱ्या दिंड्यांचंही तेच. असा एखादा प्रवास झाला की माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन थेट विचारतो, 'भाऊ, सगळ्यात जास्त उजेडाचा बल्ब कोणता?' दुकानदारही मग सगळ्यात महागडा डबा काढून काउंटरवर ठेवतो.

पण पाच-सात वर्षं जुन्या बहुतेक गाड्यांमध्ये बल्ब तयार करतो त्यातला बराच उजेड रस्त्यापर्यंत पोचतच नाही. काही पिवळ्या पडलेल्या काचेत अडकतो, काही चुकीच्या कोनामुळे झाडांच्या शेंड्यांवर जातो, आणि काही तर वायरीतच संपतो. त्यावर भारी बल्ब बसवला तर त्याचाही उजेड त्याच वाटांनी जातो. म्हणून बल्बकडे शेवटी येऊ.

आधी थोडा हिशोब. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ताशी ८० ला हाच आकडा ७० मीटरच्या जवळ जातो आणि १०० ला जवळजवळ ९७. साध्या हॅलोजनच्या डिपरमध्ये, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोतात, गडद कपड्यातला माणूस नीट लावलेल्या दिव्यातसुद्धा ५०-६० मीटरच्या आसपास ओळखू येतो. म्हणजे डिपरवर ७० च्या पुढे गेलात की दिसल्यावर थांबायला जागा उरत नाही. बल्ब कितीही भारी असो, डिपरची हद्द त्याच्या वरच्या कटाने, म्हणजे उजेड जिथे एकदम संपतो त्या रेषेने, ठरलेली असते, आणि तो कट समोरच्याच्या डोळ्यांसाठी मुद्दाम ठेवलेला असतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर (लांबचा झोत) लावणं आणि समोरून गाडी दिसली की लगेच डिपर करणं, ही सवय कुठल्याही बल्बपेक्षा जास्त कामाची आहे. शहरातले लोक उलट करतात. मुंबई नाक्यावर अप्पर आणि पेठ रोडच्या अंधारात डिपर!

आता काच. जुन्या गाड्यांना खरी काच असायची, ती पिवळी पडत नसे. आताचं झाकण पॉलिकार्बोनेटचं असतं. त्यावर उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा एक पातळ थर असतो. तो उडाला की प्लास्टिक पिवळं, धुरकट आणि खरखरीत होतं. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल, अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये राहतात तशी, तर हे लवकर होतं, आणि उन्हाकडे तोंड असलेली बाजू आधी जाते. धुरकट झाकण उजेड नुसता अडवत नाही, तो चारी दिशांना पसरवतं. म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त चमकतं, दोन्ही एकदम.

घरी करायचं असेल तर हेडलाइटभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. पॉलिशपेपर चुकून रंगावर घासला की नवा खर्च निघतो. पेपर पाण्यातला घ्या: १०००, मग १५००, २००० आणि ३०००. थर जागोजागी सोलल्यासारखा असेल तरच ८०० पासून सुरुवात करा. पाणी सतत सोडत राहा. पहिला पेपर आडवा फिरवला तर दुसरा उभा फिरवा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. जुना थर पूर्ण निघेपर्यंत १००० चा पेपर सोडू नका. पाणी आधी पिवळसर येतं, मग पांढरं येऊ लागतं. पांढरं आलं की थर निघाला. ३००० नंतर झाकण सगळीकडे सारखं दुधाळ दिसायला हवं. मग रबिंग कंपाउंड हाताने किंवा ड्रिलला फोमचा पॅड लावून मारा. ड्रिल हळू फिरवा आणि एका जागी धरू नका, कारण प्लास्टिक तापून लगेच चिकट होतं.

इथपर्यंत आलं की काच नव्यासारखी चमकते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. फसगत होते ती इथेच. संरक्षक थर तुम्ही स्वतःच घासून काढलाय, त्यामुळे काही महिन्यांत ती आधीपेक्षा वाईट पिवळी पडेल. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून अतिनील-रोधक क्लिअर कोट मारायलाच हवा. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर सगळ्यात टिकाऊ असतो, पण त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असते. तो उघड्यावर, योग्य मास्क लावून मारा, नाहीतर पेंटरकडे द्या. टूथपेस्टने घासायचा प्रकार म्हणजे अगदी बारीक कंपाउंड. फोटोपुरता छान दिसतो, पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही.

धुरकटपणा आतल्या बाजूने असेल, किंवा आतला चांदीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला, त्याला पापुद्रे आले असतील, तर घासून काही होत नाही. रिफ्लेक्टरवरचा अल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की कापडाने नुसता पुसला तरी निघून येतो. आतून हात घालून 'साफ' करायला जाऊ नका. अशा वेळी पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो. तो घेताना बाहेरच्या देशातला डाव्या स्टिअरिंगचा सुटा माल स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. आपल्याकडे डिपरचा कट डाव्या कडेला वर चढतो, म्हणजे कडेचा माणूस दिसतो. त्या मालात तो उजवीकडे चढतो, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. कुठल्याही स्क्रूने हे दुरुस्त होत नाही.

इगतपुरी-घोटीच्या पावसात हेडलाइटच्या आत हलका दमट थर येतो आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात जातो, तो चालतो. कारण आत-बाहेर हवा खेळायला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर मागचं रबर कव्हर नीट बसलेलं नाही, किंवा सील फाटलंय. बल्ब बदलताना ते रबर उलटं बसवणं ही मेकॅनिकची नेहमीची घाई. बहुतेक रबरांवर वरची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं.

दिव्याचा कोन हा फुकटातला सगळ्यात मोठा फायदा. अपघाताचं काम झालं, स्प्रिंग बदलली, किंवा डिक्कीत सीएनजीची टाकी बसवली, की गाडीचा तोल बदलतो. टाकीच्या वजनाने मागची बाजू बसते आणि पुढचे दोन्ही दिवे आकाश बघू लागतात. सीएनजी बसवून घेणारे हजारो आणि नंतर दिवे लावून घेणारे किती, ते रात्री द्वारका चौकात उभं राहिलं की कळतं.

सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट जागा आणि समोर साधी भिंत पुरते. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, टाकी निम्मी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसलेला, डिक्की रोजच्यासारखी. डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करायची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून लावा आणि दोन्ही बल्बच्या बरोबर समोर भिंतीवर टेपने खुणा करा. मग गाडी सरळ मागे घ्या, ५ मीटर. हेडलाइटच्या वरच्या पट्टीवर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर बऱ्याच गाड्यांमध्ये १.० टक्का किंवा १.३ टक्के असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ साधा आहे: १ टक्का म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटीमीटर खाली, १० मीटरवर १० सेंटीमीटर. बल्बच्या खुणेपासून तेवढं खाली एक आडवी टेप लावा. डिपर लावल्यावर उजेडाचा वरचा सपाट कट त्या टेपवर यायला हवा, आणि कट डावीकडे जिथून चढायला लागतो तो कोपरा बल्बच्या उभ्या रेषेवर. ५ मीटरवर अर्धा सेंटीमीटर चुकला तर रस्त्यावर त्याचा बराच फरक पडतो, म्हणून जागा असेल तर १० मीटरच घ्या.

स्क्रू हेडलाइटच्या मागे दोन असतात, एक वर-खालीचा आणि एक डावी-उजवीचा. फुलीचा स्क्रूड्रायव्हर किंवा ८-१० नंबरचा पाना पुरतो. एक बाजू लावताना दुसऱ्या बाजूचा कपलर (बल्बच्या मागे खोचलेला वायरीचा जोड) काढून ठेवा. वर फडकं टाकून ठेवलं तर प्लास्टिक तापतं. स्क्रू फिरतोय पण कट हलत नाही, असं झालं तर आतला प्लास्टिकचा गिअर तुटलाय. जोर लावून उपयोग नाही.

आणि ती शून्य ते तीनची चकती वापरायची असते बरं. मागे तीन माणसं आणि डिक्कीत कांद्याच्या गोण्या असतील तर ती २ किंवा ३ वर न्यायची. अनेक गाड्यांमध्ये ती विकत घेतल्यापासून एकदाही फिरलेली नसते. कधी कधी उलट घडतं: लहान मुलाने ती ३ वर नेऊन ठेवलेली असते आणि मालक 'या गाडीला उजेडच नाही' म्हणून नवे बल्ब घेतो.

आता वायरिंग. या ठिकाणीही बराच उजेड हरवतो आणि फार कमी लोक इथे बघतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने पडतो. बल्बवर ५ टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर उजेड १६ टक्के कमी. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ व्होल्ट असेल, म्हणजे जेमतेम १.४ व्होल्ट वाटेत गेले, तर उजेड ३० टक्क्यांनी कमी. बल्बचा रंगही पिवळा-तांबूस दिसू लागतो. जुन्या गाडीत वीज बॅटरीपासून फ्यूजबॉक्स, तिथून स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच, परत पुढे हेडलाइट आणि मग अर्थ (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) असा फेरा मारते. बारीक वायर, झिजलेला स्विच, गंजलेला अर्थ, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो, पण पद्धत बरोबर हवी. बल्बचा कपलर काढून मोजाल तर मीटर पूर्ण १४ दाखवेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल, कारण करंट वाहिल्याशिवाय व्होल्टेज पडत नाही. बल्ब जोडलेला, दिवा पेटलेला, इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, आणि मीटरची सुई कपलरच्या मागून वायरीशेजारी सरकवलेली, असंच मोजायचं. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बच्या प्लस पिनवर ठेवलं की मधल्या वाटेत किती व्होल्ट गेले ते थेट दिसतं. मग काळं टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल टोक बल्बच्या अर्थ पिनवर. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. एक व्होल्टच्या पुढे असेल तर रोग सापडला. त्यातला बराचसा भाग अर्थच्या बाजूचा निघाला तर काम जवळजवळ फुकट होतं: बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट खोला, गंज आणि रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, परत घट्ट बसवा, वर ग्रीस लावा.

प्लसच्या बाजूला गळती असेल तर उपाय म्हणजे रिले वायरिंग किट. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. कल्पना सोपी आहे. कॉम्बिनेशन स्विचने बल्बचा पूर्ण करंट वाहायचा नाही, फक्त रिलेला 'लाव' म्हणायचं. बल्बला वीज थेट बॅटरीतून जाड वायरने जाते. रिले दोन लागतात, एक अप्परचा आणि एक डिपरचा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ मध्ये मूळ कपलरमधून आलेला इशारा आणि अर्थ. किटमध्ये एका बाजूचा मूळ कपलर रिलेला जोडतात, दुसऱ्या बाजूचा मोकळा राहतो. तो टेप आणि सील करून वर बांधून ठेवा. उघडा सोडला तर पावसाळ्यात हिरवा होतो.

दोन ६०/५५ वॅटच्या बल्बांना ९ ते १० अँपिअर लागतात, त्यामुळे १५ चा फ्यूज. दोन्ही बाजूंना वेगळा फ्यूज ठेवला तर आणखी चांगलं, घाटात एक उडाला तरी एक दिवा राहतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर ती जळताना तिला थांबवायला कोणी नसतं, आणि बोनेटखालची आग अशीच लागते. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये जाड दिसणाऱ्या वायरीत प्लास्टिकच जाड असतं. टोक सोलून तारा मोजा, आणि त्या चंदेरी दिसल्या तर चाकूने खरवडून आतून तांबं निघतंय का ते पाहा. रिले बसवताना पिना खाली ठेवा म्हणजे पाणी आत साचत नाही. वायर नालीदार नळीतून न्या आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. जोड पिळून टेप मारलेला नको, क्रिम्प (पकडीने दाबून बसवलेला) आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

एक धोक्याची सूचना. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांमध्ये स्विच प्लसच्या नव्हे तर मायनसच्या बाजूला असतो. म्हणजे बल्बच्या सामायिक पिनवर (अप्पर-डिपर दोघांची मिळून एक असते ती) अर्थ नसून कायम १२ व्होल्ट असतात. साधी किट अशा गाडीत लावली की अप्पर-डिपर उलटे होतात किंवा दोन्ही अर्धवट पेटतात. किट घेण्याआधी सामायिक पिनवर मीटर लावून बघा. दुसरं म्हणजे अलीकडच्या गाड्यांमध्ये दिव्यांचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे असतं. ते बल्बचा करंट मोजतं आणि काही गाड्यांत व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी देतं. तिथे रिले टकटक करतो, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते आणि वॉरंटीचा वाद होतो. या गाड्यांत कंपनीने रिले आधीच दिलेले असतात आणि गळतीही फारशी नसते. किटचं काम जुन्या बोलेरो, ओम्नी, अल्टोसारख्या गाड्यांत.

एवढं झाल्यावर बल्बकडे येऊ. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसतो तो एच-४. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, अप्पर ६० वॅट आणि डिपर ५५. १३.२ व्होल्टवर अप्परचे साधारण १६५० ल्यूमेन (उजेड मोजायचं एकक) आणि डिपरचे १०००. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरवरून कट तयार होतो. एच-७ मध्ये एकच ५५ वॅटचं फिलामेंट, साधारण १५०० ल्यूमेन. एच-११ सुद्धा ५५ वॅटचा, साधारण १३५०. म्हणूनच वेगळा डिपर बल्ब असलेल्या गाडीचा उजेड एच-४ वाल्या गाडीपेक्षा जास्त वाटतो. एच-४ वाल्या गाडीत एच-७ बसत नाही, बसवायचा अट्टाहासही करू नका.

बल्बही म्हातारा होतो. फिलामेंट हळूहळू लोंबतं, काच आतून काळसर होते आणि उजेड मरायच्या बराच आधी उतरतो. त्यामुळे नवा साधा ६०/५५ बल्ब, साफ काच आणि पूर्ण व्होल्टेज एवढ्यानेच फरक डोळ्यांना दिसतो. त्याच्या वरची पायरी म्हणजे फिलिप्स, ओसराम यांचे जादा उजेडाचे, पण त्याच वॅटचे बल्ब. डब्यावर १०० टक्के, १३० टक्के, १५० टक्के जादा असं लिहिलेलं असतं. तो आकडा रस्त्यावरच्या एका ठरावीक जागेवरच्या तीव्रतेचा असतो. एकूण उजेड दीडपट-दुप्पट होतो असं नाही. फिलामेंट लहान आणि जास्त तापणारं असल्याने प्रकाशाचा ठिपका घट्ट आणि लांब पडतो, हा त्यांचा खरा फायदा. किंमत मोजायची ती आयुष्यात: साध्या बल्बच्या निम्मंही टिकत नाहीत. हॅलोजनचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण १३ व्या घाताने घटतं. अल्टरनेटर १३.२ ऐवजी १४.४ देत असेल तर आयुष्य एक तृतीयांश. रिले किट लावून वर असे बल्ब टाकले की ते सहा-आठ महिन्यांत जातात, आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

निळसर बल्ब घेऊ नका. काचेवरचा निळा थर पिवळा उजेड गाळूनच 'पांढरा' दिसतो, म्हणजे पैसे देऊन उजेड कमी करणं. बनावट मालही भरपूर आहे. बल्बच्या पत्र्यावर गोलात ई आणि आकडा ही खूण, वॅट आणि प्रकार स्पष्ट कोरलेले असावेत, पुसट छापलेले नकोत.

१००/९० वॅट आणि १३०/१०० वॅटचे बल्ब काउंटरवर सर्रास मिळतात. दोन्ही १३० वॅटचे अप्परवर लावले की जवळजवळ २२ अँपिअर जातात. मूळ वायर आणि मूळ होल्डर एवढ्यासाठी केलेले नसतात. आधी कपलर तपकिरी होतो, मग ठिसूळ, मग वितळतो. सिरॅमिक होल्डर आणि रिले लावून वायरिंग वाचवली तरी प्लास्टिकच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर वाचत नाही. बल्बच्या वरचा भाग तापून काळवंडतो आणि मग साध्या बल्बचाही उजेड कायमचा जातो. जुन्या काचेच्या, पत्र्याच्या रिफ्लेक्टरवाल्या जीपला हे काही काळ सोसतं. आताच्या गाड्यांना नाही.

एलईडी बल्बवर तर रोज भांडणं होतात. मुद्दा एवढाच आहे की हॅलोजनसाठी केलेला रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) फिलामेंटच्या नेमक्या जागेवर आणि आकारावर बेतलेला असतो. एलईडीत त्या जागी दोन सपाट चिपा असतात, मध्ये अल्युमिनियमची जाडी. जागा मिलिमीटरभर सरकली तरी कट विस्कटतो. मग गाडीसमोरचे १५-२० मीटर लख्ख पांढरे होतात, मालक खूश होतो, पण जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली लहान होते आणि ६० मीटरवरचा माणूस आधीपेक्षा उशिरा दिसतो. कट फुटल्याने समोरचा आंधळा होतो ते वेगळंच. डब्यावरचे २०,००० ल्यूमेन हे शुद्ध गमतीचे आकडे. मागचा पंखा धुळीने बसला की तो बल्ब तापून स्वतःच मंद होतो, आणि पंख्याला जागा हवी म्हणून मागचं रबर कापलं की पाणी आत. एचआयडीचं (झेनॉन दिव्यांचं) गणितही तेच, फक्त जास्त त्रासदायक: ३५ वॅटमध्ये ३२०० ल्यूमेन चुकीच्या रिफ्लेक्टरमध्ये.

कायदाही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिव्याने दिपवायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

बल्ब बदलायला दहा मिनिटं लागतात. दिवे बंद करून गार होऊ द्या. कपलर सरळ ओढा, वायर धरून नाही. रबर कव्हर कानांना धरून काढा, स्प्रिंगची तार दाबून बाजूला सरकवा, बल्ब मागे येतो. नवा बल्ब फक्त धातूच्या बुडाला धरा. काचेला बोट लागलं तर घामाचं तेल तिथे जळतं, तो ठिपका जास्त तापतो आणि क्वार्ट्झची काच तिथेच कमजोर होऊन बल्ब लवकर जातो. लागलंच तर अल्कोहोलने पुसा. एच-४ चे तीन कान एकाच पद्धतीने बसतात. एच-७ मात्र तिरका बसूनही तार अडकते, आणि मग कट तुटलेला दिसतो. बल्ब बदलल्यावर उजेड विचित्र पडला तर आधी हेच तपासा. दोन्ही बाजू एकदम बदला आणि कोन परत भिंतीवर बघा.

घाटातल्या धुक्यासाठी बल्ब बदलून उपयोग नाही. कसाऱ्यात किंवा सापुताऱ्याच्या वाटेवर धुकं असलं की अप्पर म्हणजे समोर पांढरी भिंत. तिथे खाली, बंपरमध्ये बसवलेले, रुंद आणि वरून सपाट कट असलेले फॉग लॅम्प आणि डिपर. ओल्या डांबरावर सगळेच दिवे कमी वाटतात, कारण पाण्याचा आरसा उजेड पुढे फेकतो, तुमच्याकडे परत येत नाही. गावाकडच्या रस्त्यांवर रोज रात्री जाणं असेल तर हॅलोजनचे दोन जादा लांब पल्ल्याचे दिवे वेगळ्या रिलेवर, अप्परच्या इशाऱ्याने पेटतील असे जोडा, म्हणजे डिपर केला की ते आपोआप विझतात. शहरात त्यांना झाकणं लावून ठेवा.

पुढची मोठी काच आतूनही पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेली वाफ तिच्यावर तेलकट थर धरते आणि समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती तारा दिसतो. काच साफ करायच्या पाण्याने आधी धुवा, मग कोरड्या मायक्रोफायबरने दोनदा. आणि काढलेले जुने बल्ब चालू असतील तर त्याच डब्यात, फडक्यात गुंडाळून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. त्यासोबत १५ चे दोन फ्यूज आणि एक छोटी टॉर्च.